तीन दिवसांची बॅग

ऊन असं तापलं होतं की, खिडकीच्या दांडीला हात लावला तर चटका बसावा. आणि अशा दुपारी बिट्टी खुर्चीवर चढून कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवरून थंडीचा कोट ओढून काढत होती.

"अगं, पडशील! तो कशाला हवाय?" आई धावत आली.

"असू दे."

"असू दे काय? पाण्याच्या घसरगुंडीवर कोट घालून बसणार आहेस?"

 कोट छातीशी धरून बिट्टी खाली उतरली आणि पलंगावर उघड्या पडलेल्या बॅगेत तो कोंबायला लागली.

बॅग तीन दिवसांची होती. बिट्टीचे बाबा चार वाजता तिला न्यायला येणार होते. मग दोघं बापलेक गाडीने थीम पार्कला जाणार, तिथल्याच हॉटेलात राहणार, मनसोक्त पाळण्यात बसणार आणि परत येणार. आईबाबा वेगळे झाले त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. बिट्टीने आईकडे राहायचं, एक रविवार सोडून एक रविवार बाबांकडे जायचं आणि मोठ्या सुट्टीत थोडे दिवस त्यांच्याबरोबर घालवायचे, असं कोर्टात ठरलं होतं. पण ते थोडे दिवस आजवर काही उजाडले नव्हते. बाबा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. शहरात कुठेतरी लिफ्ट बंद पडली की बाबांची सुट्टीही बंद पडायची. या खेपेला मात्र त्यांनी महिनाभर आधी रजा टाकली होती, आणि बिट्टी त्या पार्कातल्या उलट्या फिरणाऱ्या गाडीचा व्हिडिओ इतक्या वेळा बघत होती की, त्यातल्या किंकाळ्या आईलाही तोंडपाठ झाल्या होत्या.

आई दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. मेणाच्या साच्यात एकेक दात बसवायचा, तो शेजारच्याला ढकलत नाही ना ते पाहायचं, घासायचा, परत पाहायचं. अशा हातांनी भरलेली बॅग कशी असेल? पोहायचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत, बूट मोज्यांनी भरलेले, टोपी उलटी ठेवून तिच्या खळग्यात मलमाची ट्यूब. मुंगीला शिरायला फट नाही. आणि त्यात आता हा कोट.

कोटावरच थांबलं असतं तर आईने तो पोरखेळ म्हणून सोडून दिला असता. पण तिने बॅग पुन्हा उपसली तेव्हा तळाशी लोकरीचे मोजे सापडले. त्याखाली एक कान तुटलेला कापडी हत्ती. माळ्यावरच्या खोक्यात पडलेल्या त्या हत्तीला बिट्टीने कित्येक वर्षांत हात लावला नव्हता. आणि हत्तीच्या पोटाखाली, रुमालात गुंडाळून, आईचा फोटो. टेबलावरच्या चौकटीतून काढलेला.

"हा कशाला गं?" आईने हसायचा प्रयत्न केला. "तीन दिवसांत माझं तोंड विसरशील म्हणून?"

बिट्टीने फोटो हिसकावून घेतला. डोळे मात्र वर केले नाहीत. ही पोर बोलायला लागली की थांबायची नाही, शाळेतल्या बाई हात टेकायच्या. आणि आज विचारलं त्याचं उत्तरही मिळेना.

"बाबांनी सांगितलं का हे सगळं घ्यायला?"

बिट्टीने फोटो पुन्हा रुमालात गुंडाळला. "हो."

"काय म्हणाले?"

"जे जे लागतं ते घे म्हणाले. गाडीत जागा आहे."

"आणखी काय म्हणाले?"

"आणखी सरप्राइज आहे. ते सांगायचं नाहीये." एवढं बोलून ती बाथरूममध्ये गेली आणि आतून कडी लावून घेतली.

आईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तिने तिला हुसकावून लावलं. माणूस म्हणून बिट्टीचा बाप वाईट नव्हता. विसरभोळा होता, शब्द दिलेला पाळायचा नाही, घरात असून नसल्यासारखा असायचा, पण कपटी? छे. ती कोटाची घडी घालायला लागली. घडी काही जमेना.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई होत्या. हॉस्पिटलातली नोकरी संपून त्यांना बरीच वर्षं झाली होती, तरी अख्खी इमारत त्यांना नर्सबाईच म्हणायची. त्यांच्या हातात काचेची बरणी होती आणि बरणीत बिट्टीची गोगलगाय. बिट्टीने तिचं नाव 'घाई' ठेवलं होतं.

"अगं, ही खाते काय नेमकं? काकडी दिली तर तोंड आत घेऊन बसलीय."

"कोबीचं पान द्या. तीन दिवसांचाच प्रश्न आहे, नर्सबाई. आल्यावर बिट्टी घेऊन जाईल."

"तीन दिवस?" नर्सबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "मला तर म्हणाली, कायमची तुम्हालाच ठेवा. मी काही परत न्यायला येणार नाही, म्हणाली. चांगली डोळ्यांत पाणी आणून सांगत होती. तुझी लेक पण म्हणजे ना, गोगलगाय अन् पोटात पाय!"

नर्सबाई हसल्या. 

दार लावून आईने आधी बिट्टीच्या बाबांना फोन लावला. लागेना. लिफ्टच्या खड्ड्यात उतरला की त्याच्या फोनला रेंज नसायची, हे तिला माहीत होतं. संसाराची सगळी वर्षं ती त्या खड्ड्याशीच भांडत आली होती. पण आज तर त्याची रजा होती. मग फोन का लागत नाही?

तिने परत लावला. मग परत. शेवटी तिने त्याच्या आईला फोन केला. नातं कागदावर संपलं असलं तरी ती त्यांना अजून आईच म्हणायची. दुसरं काय म्हणायचं, ते तिला कधी सुचलं नव्हतं.

"आई, बिट्टीचे बाबा आहेत का तिकडे?"

"इकडे कुठला? तो आता नव्या घरात." म्हातारी खुशीत होती. "परवाच सामान हलवलं की. बिट्टीसाठी वेगळी खोली काढलीय. स्वतः रंग दिलाय भिंतींना. पिवळा."

"नवं घर? कुठे?"

 "तुला बोलला नाही का तो? अगं बाई, मग मी कशाला तोंड उघडलं! हे बघ, मला पत्ताबित्ता काही ठाऊक नाही. त्यालाच विचार. माझं नाव सांगू नकोस." आणि फोन ठेवलासुद्धा.

कोट. हत्ती. फोटो. गोगलगाय. पिवळी खोली, आणि तिचा पत्ता कोणाला ठाऊक नाही.  पेपरात वाचलेल्या, कोणाकोणाच्या तोंडून ऐकलेल्या सगळ्या गोष्टी आईच्या डोक्यात एकदम घुसल्या. सुट्टीला म्हणून नेलं आणि मग फोन बंद, घर बंद, शाळेचा दाखलासुद्धा दुसरीकडे. आता सरळ बिट्टीला समोर बसवून विचारावं, हे तिला सुचायला हवं होतं. पण पोरीने बापाची बाजू घेतली तर? ते ऐकायची तिची तयारी नव्हती. तिने दादाला फोन केला.

दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ. त्याची मोटार ड्रायव्हिंग शाळा होती. शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून, आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून त्याचा जन्म गेला होता, त्यामुळे दुसऱ्याची गाडी थांबवण्यात त्याचा हात, म्हणजे पाय, कोणी धरला नसता. सगळं ऐकून तो एवढंच म्हणाला, "तू वरच थांब. मी बघतो."

तो आला तो छपरावर 'शिकाऊ'ची पाटी मिरवणारी गाडी घेऊनच. ती त्याने इमारतीच्या फाटकात आडवी लावली आणि बॉनेटला टेकून उभा राहिला. बॉनेट तापलेलं होतं; त्याला चटका बसला असणार, पण तो हलला नाही.

वर थांबणं आईला जमलं नाही. बिट्टीला "पाणी पिऊन घे, आलेच" असं सांगून ती खाली आली.

चारला थोडा वेळ असतानाच बाबांची गाडी आली. फाटक अडलेलं पाहून त्यांनी ती रस्त्याच्या कडेला लावली. अंगात फुलाफुलांचा शर्ट, डोळ्यांवर गॉगल. ओळखणाऱ्याने तोंडात बोट घालावं असा अवतार.

"अरे वा, दादा! आज कोणाची शिकवणी?"

"तुझीच. माजी जावईबापू, जरा गाडीची किल्ली दाखव."

"किल्ली? कशाला?"

दादाने ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि खिशात टाकली. बाबा आधी हसले. मग आईचा चेहरा पाहिला आणि हसायचे थांबले.

"काय झालं? बिट्टी बरी आहे ना?"

"फोन का लागत नव्हता तुझा?" आईने विचारलं.

"बंद करून ठेवला होता. चालू ठेवला असता तर कंपनीने बोलावलं असतं आणि आजचंही गेलं असतं. का?"

"नवं घर कुठे घेतलंस?"

त्यांचा चेहरा पडला. "तुला कोणी... आईने सांगितलं ना? मी आल्यावर सांगणारच होतो. बिट्टीला आधी दाखवायचं होतं."

"दाखवायचं की ठेवायचं?"

"म्हणजे?"

"तीन दिवसांना थंडीचा कोट लागतो? फोटो लागतो माझा? तिच्याकडून गोगलगायसुद्धा वाटून टाकायला लावलीस! माझ्याशी बोलायची हिंमत नव्हती म्हणून नऊ वर्षांच्या पोरीला पढवलंस?"

"कसला कोट?" बाबा म्हणाले. "कोणती गोगलगाय?"

"वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस!" दादाचा आवाज चढला, आणि त्याने बाबांची कॉलर धरली. फुलाफुलांच्या शर्टाचं वरचं बटण तुटून उडालं. गॉगल खाली पडला. बाबांनी त्याचा हात झटकला, दादाने दुसऱ्या हाताने खांदा दाबून त्यांना गाडीवर रेटलं. पहिल्या मजल्यावर नर्सबाईंची खिडकी उघडली. "अहो, हे काय चाललंय! सोडा त्याला!" आईला ओरडायचं होतं, दादा नको, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना. एक मन म्हणत होतं थांबव, आणि दुसरं, लाज वाटावी असं दुसरं मन म्हणत होतं, असू दे, कळू दे याला.

तेवढ्यात जिन्यातून धप्प, धप्प असा आवाज आला. बिट्टी एकेका पायरीवरून बॅग आपटत खाली येत होती. बाहेर आली, समोरचं पाहिलं आणि बॅग टाकून धावली.

"मामा, सोड! बाबांना काही माहीत नाही! सोड ना!"

तिने दादाच्या मनगटाला नखं लावली होती. दादाचा हात आपसूक सुटला.

"काय माहीत नाही?" आईने विचारलं. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

बिट्टी मागे सरकली आणि जाऊन बॅगेवर बसली. सगळी मोठी माणसं तिच्याकडे बघत होती. तिने रडू आवरलं.

"मीच ठरवलंय. मी परत येणार नाहीये. पार्कहून येताना बाबांना सांगणार होते, मला तुमच्याकडेच ठेवा म्हणून."

"पण बाबांनी सांगितलं म्हणालीस ना?"

"मी खोटं बोलले."

"का गं?" आई तिच्यासमोर खालीच बसली, तापलेल्या फरशीवर. "माझ्याकडे काय कमी पडलं?"

"तू मावशीला सांगत होतीस फोनवर. तुला त्या मोठ्या लॅबमध्ये बोलावलंय. लांबच्या गावाला. तिथे तू सगळ्यांची साहेब होणार होतीस." बिट्टी बोटाने बॅगेची चेन पुढेमागे करत होती. "आणि तू म्हणालीस, बिट्टी नसती तर मी केव्हाच गेले असते."

 रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

'मी असं म्हणालेच नाही.' हे वाक्य आईच्या अगदी ओठांवर आलं होतं. तू चुकीचं ऐकलंस, राणी. एवढं म्हटलं असतं की संपलं असतं. पोरीनेही ते मानलं असतं. तिला मानायचंच होतं. पण मग पुन्हा कधी हिने कान लावून ऐकलं, तर आईचं कोणतं बोलणं ती खरं धरणार?

"म्हणाले होते," आई म्हणाली.

बिट्टीने डोळे वर केले. दुपारपासून पहिल्यांदाच.

"म्हणाले, पण ते पूर्ण खरं नव्हतं. तिकडे वीस माणसं माझ्या हाताखाली असती. मी आजवर कोणाला मोठ्या आवाजात काही सांगितलेलं नाही. मला भीती वाटली. तसं मावशीला कसं सांगायचं? ती हसली असती. म्हणून तुझं नाव पुढे केलं. तुझं नाव सांगितलं की कोणी पुढे विचारत नाही."

"म्हणजे मी मध्ये येत नाही?"

"कधी कधी येतेस," आई म्हणाली.  "मी नाही म्हणणार नाही. पण मध्ये येणारी माणसं काही वाटून टाकायची नसतात, बिट्टी."

आईने मान वळवली तेव्हा तिला बाबांचा चेहरा दिसला. पोर आपल्याकडे राहायला येणार होती, हे कळल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर लख्ख पसरला होता. तिने पाहिलं, हे त्यांनीही पाहिलं. त्यांनी खाली वाकून गॉगल उचलला आणि बराच वेळ पुसत राहिले.  आता हा 'ये' म्हणाला तर? मघाशी आईला भीती होती की हा पोरीला पळवून नेईल. आताची भीती त्याहून वाईट होती. पळवलेली पोर परत मागता येते. आपल्या पायांनी गेलेल्या पोरीला कोणत्या तोंडाने बोलवायचं?

"बिट्टी," बाबा म्हणाले, "तू माझ्याकडे राहायला आलीस तर मला आवडेल. किती आवडेल ते सांगता येत नाही मला. तुझ्यासाठी खोली रंगवलीय. पण आईला मोकळं करायचं म्हणून येणार असशील, तर नको येऊस. माझ्याकडे यायचं तर माझ्यासाठी ये." मग म्हणाले, "आणि खरं सांगायचं तर, मला अजूनही अवेळी कामावर बोलावतात. तू एकटी त्या पिवळ्या खोलीत बसशील. त्याचं काय करायचं, हे मी अजून ठरवलेलं नाही. रंग आधी दिला."

दादा खाकरला. खिशातून किल्ली काढून त्याने पुढे केली. "बटण कुठे पडलं ते बघतो," म्हणाला, आणि तो धिप्पाड माणूस फाटकात ओणवा होऊन फुलांच्या शर्टाचं बटण शोधायला लागला. मग बाबाही वाकले. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. बिट्टीला हसू आलं आणि त्याच्यापाठोपाठ इतका वेळ आवरलेलं रडू.

बॅग पुन्हा वर नेली. मायलेकींनी ती परत भरली. काय घ्यायचं, काय ठेवायचं, हे आईने बिट्टीवर सोडलं आणि आपण नुसती घड्या घालत बसली.  मध्येच बिट्टीने विचारलं, "मी गेले आणि मला तिकडेच राहावंसं वाटलं तर?"

"तर मला येऊन सांग. तोंडावर सांग. मी रडेन, पण ऐकेन."

"आणि परत यावंसं वाटलं तर?"

"तेही येऊनच सांग."

बाबांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तरी आई फाटकातच उभी होती. दादाने आपली गाडी मागे घ्यायला घेतली, ती दोनदा बंद पडली. जाताना तो म्हणाला, "मी जरा जास्तच केलं ना?" आई म्हणाली, "मीच बोलावलं होतं तुला." संध्याकाळी न विचारता बाबांचा मेसेज आला. नव्या घराचा पत्ता, मजला, आणि शेजारच्या दुकानाची खूण. आईने तो पुन्हा पुन्हा वाचला. घर शाळेपासून चालत जाण्याइतकं जवळ होतं.

ते तीन दिवस आईला तीन महिन्यांसारखे गेले. लॅबमध्ये तिने एका कवळीत दोन सुळे एकाच बाजूला बसवले. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा न उघडताच ती गच्चीवर गेली आणि त्या मोठ्या लॅबला फोन लावला. बोलताना आवाज कापत होता, पण बोलली. पलीकडची बाई सभ्य होती. ती जागा मागच्याच आठवड्यात भरली गेली होती. आईने आभार मानले आणि कठड्याला टेकून उभी राहिली. तिला वाटलं होतं, सुटल्यासारखं वाटेल. तसं वाटलं नाही. चांगलंच लागलं. आणि या वेळी नाव पुढे करायला कोणी नव्हतं.

बिट्टी परत आली ती नाकाची साल निघालेली, आवाज बसलेला आणि केसांत क्लोरीनचा वास घेऊन. उलट्या गाडीत ती सलग कितीतरी वेळा बसली होती आणि बाबा एकदाच बसून मग बाकावर डोकं धरून बसले होते, हे तिने जिना चढता चढताच सांगून टाकलं. घरात आल्यावर मात्र आईला समोर बसायला लावलं.

"मी इथेच राहणार. पण शुक्रवार-शनिवार पिवळ्या खोलीत झोपणार. बाबांनी साहेबांना विचारलंय, त्या दोन दिवशी त्यांना बोलवायचं नाही म्हणून. अजून उत्तर आलेलं नाही. नाही म्हणाले तर बघू."

"बरं," आई म्हणाली.  मग तिने त्या मोठ्या लॅबला फोन केल्याचं सांगितलं, आणि जागा गेल्याचंही.

 "मग दुसरी शोध," बिट्टी म्हणाली, आणि बॅगेतले ओले पोहायचे कपडे काढून, पाणी ठिबकवत, गॅलरीत वाळत घालायला गेली.